नवस आणि नेम



पहिलीच्या मराठी वर्गात यंदाही बोटांवर मोजण्याइतकीच मुले आली. दोन वर्षे आमचे शिक्षक घरोघर फिरले, गणेशोत्सवात मांडवाबाहेर टेबल टाकून बसले, फीसुद्धा कमी केली. आता वर्ग चालू ठेवायचा की नाही, हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत आहे. आमच्या एक शिक्षिका परवा म्हणाल्या, "मॅडम, एवढं केलं, देवाला दिसत नाही का?"

त्यांचे दुःख मला समजते. पण हा प्रश्न नवसाचा आहे. नवसात अट असते, हे दे मग ते फेडीन. आपल्याकडे दुसरीही रीत आहे, ती नेमाची. वारकरी आषाढीला निघतो तो पीक किती आले याचा हिशेब करून नव्हे. दुष्काळातही पंढरीची वाट ओस पडत नाही.

बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांची समाधी आहे. आपल्यापैकी किती मुलांनी ती पाहिली आहे, देव जाणे! स्वामीजी मूळचे शिक्षक. ना. म. जोशी यांच्याबरोबर ते कामगारांत काम करीत. प्रकृतीने साथ सोडली, तेव्हा ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि मुख्याध्यापक झाले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. लोक संन्यास घेऊन हिमालयात जातात, हे मुलांना शिकवीत राहिले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. शेकडो माणसे तुरुंगात गेली आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, गांधीजींच्या सल्ल्याने तो थांबवावा लागला. बंदी तशीच राहिली. समोरच्याने हरवले तर माणूस सोसतो. आपल्याच वडीलधाऱ्याने 'थांबा' म्हटले की आतून मोडतो, असे मला वाटते. स्वामीजी थांबले, पण त्यांनी काम सोडले नाही. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंगात गेले. बंदी उठायला १९४६ साल उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ ला सारा देश तिरंगा फडकावीत होता, त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली. मग सुटका, पुन्हा अटक. ते शेवटी बाहेर आले सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर. संघटनेत गट पडले, ते दुःख वेगळेच.

संन्याशाला फळाची आशा नसते, म्हणून त्याला निराशाही नसेल, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. एवढी वर्षे झिजणाऱ्या माणसाला वाईट वाटलेच असणार. वाईट वाटणे आणि नेम मोडणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढेच. आणि नेम म्हणजे हट्टही नव्हे. सत्याग्रहाची तऱ्हा बदलली, पण ज्यासाठी तो होता ते बदलले नाही.

दहावीत ज्यांचे गुण अपेक्षेपेक्षा कमी आले, त्यांनीही हे वाचावे. देवाने तुमच्याशी काही करार केलेला नव्हता.

विश्वस्तांपैकी काहीजण विचारतात, एवढ्या थोड्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षकाचा पगार कुठून काढायचा? त्यांचे चूक नाही. श्रद्धेने पगार होत नाहीत. माझी सूचना अशी, की पहिली-दुसरी एकत्र बसवावी, दुपारनंतर एक तास इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही मराठीसाठी यावे आणि हे तीन वर्षे करून पाहावे. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकले. माझ्या मराठीला अजून हिंदीचा वास येतो, हे माझे सहकारी प्रेमाने सांगतात. तरी आठवड्यातून दोन तास मी घेईन.

बैठकीत मी हेच मांडणार आहे. पालकांपैकी ज्यांना यायचे असेल, त्यांनी ऑफिसात नाव द्यावे. बालवर्गाच्या आजी-आजोबांनीही यावे, त्यांची मराठी आमच्या सर्वांपेक्षा चांगली आहे.