ध्वज सापडला, बाकीच्या खोक्यांचं काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या युनायटेड नेशन्स प्लाझात 25 जून 1978 रोजी पहिल्यांदा फडकलेले, समलिंगी चळवळीचं प्रतीक ठरलेले इंद्रधनुषी ध्वज काळाच्या ओघात नाहीसे झाले, असंच अनेक वर्षं मानलं जात होतं. ते घडवणाऱ्यांपैकी गिल्बर्ट बेकर यांचं 31 मार्च 2017 रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झालं. त्यांचं सामान आधी बहिणीकडे गेलं, मग चार्ली बील या मित्राकडे आलं. त्या सामानात घडी घालून ठेवलेलं एक जुनं कापड निघालं: 28 फूट बाय 10 फूट, आठ पट्ट्यांचं. जाणकारांनी तपासलं आणि निर्वाळा दिला, हा त्या पहिल्या ध्वजांपैकी एकाचा तुकडा. 2021 पासून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात आहे.

सामान आवरणाऱ्याने ते कापड जुनेर समजून टाकून दिलं असतं तर?

बेकर मूळचे कॅन्ससचे. 1970 ते 1972 या काळात ते अमेरिकी सैन्यात होते, वैद्यकीय सेवक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत नेमलेले. समलिंगी असल्याचं उघड झालं की सैन्यातून काढून टाकत, तो हा काळ. सैन्यातून सुटल्यावर ते त्याच शहरात राहिले, शिवणकाम शिकले आणि मोर्चांसाठी बॅनर शिवू लागले. पहिले ध्वज ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या समलिंगी समाजकेंद्रात कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंग कालवून रंगवले गेले. सार्वजनिक लाँड्रीत नुकतंच रंगवलेलं कापड धुवायला बंदी होती. म्हणून मंडळी रात्री उशिरा तिथे गेली आणि धुऊन झाल्यावर मशीनमध्ये ब्लीच फिरवून आली, पुढच्या माणसाचे कपडे गुलाबी होऊ नयेत म्हणून! अशा गोष्टी सरकारी दफ्तरात सापडत नाहीत. त्या आठवणींच्या हस्तलिखितांत, फोटोंत, शिवणाच्या सामानात राहतात.

म्हणून असा संग्रह अख्खा जपायला हवा. नुसता प्रसिद्ध ध्वज काचेआड ठेवून भागत नाही. सैनिक बेकर, नाटकी पोशाखात मोर्चाला येणारे बेकर आणि अखेरच्या वर्षात लव्हेंडरचा नववा पट्टा जोडून ध्वज शिवत बसलेले बेकर, हा एकच माणूस. त्याची कागदपत्रं तीन ठिकाणी विखुरली की माणूसही विखुरतो.

आणि एकाच माणसाच्या कागदांवर विसंबूनही चालत नाही. त्या पहिल्या ध्वजांच्या कामात लिन सेगरब्लॉम आणि जेम्स मॅक्नमारा होते, हाताखाली तीसेक स्वयंसेवक होते. कापड रंगवण्याची कला लिन यांची. तरी वर्षानुवर्षं बातम्यांत नाव आलं ते एकट्या बेकर यांचं. बेकर यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही, पण बाकीच्यांचे फोटो आणि आठवणीही त्याच आस्थेने गोळा केल्या असत्या, तर लिन यांचं नाव इतकी वर्षं मागे पडलं नसतं.

या जपणुकीची निकड सॅन फ्रान्सिस्कोने भोगून ओळखली. हिस्टॉरिकल सोसायटीची स्थापना 1985 ची, एड्सने माणसं भराभर जात होती तेव्हाची. मुलाचं नातं लपवू पाहणारं घर त्याची पत्रं सहज रद्दीत टाकत असे. सुरुवातीचा संग्रह तर एका सदस्याच्या राहत्या घरातच होता.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचं नियतकालिक 1990 मध्ये सुरू केलं. त्या काळी कुणीतरी धीर करून पाठवलेली पत्रं, बैठकांची टिपणं, हाताने रंगवलेले फलक आज कुणाच्या तरी माळ्यावर असतील, आणि ते सांभाळणारी माणसं आता म्हातारी होत आहेत. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी आणि मोठ्या ग्रंथालयांनी त्यांच्याशी आत्ताच बोलावं. कागद स्वीकारावेत, नावं गुप्त ठेवायची असतील तर तसा लेखी करार करावा, आणि खोकी उघडण्याआधी घरच्यांनाही विश्वासात घ्यावं.