घोडा अंगणात बांधता येतो, पाळता येईलच असं नाही

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आमच्या नगरपालिकेने ११ नंबरला एक विषय घेतलाय. 'शहर हद्दीत घोडे पाळण्यास मनाई करणेबाबत.' एका ओळीचा विषय, सोबत नव्या वसाहतीतल्या रहिवाशांचं सह्यांचं निवेदन. चर्चेला पाच मिनिटंही लागणार नाहीत, कारण विरोध करायला कुणी उभं राहील असं वाटत नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निवेदनातली तक्रार खरी आहे. पण त्यावर काढलेला उपाय चुकीचा आहे. सरसकट बंदी घातली तर ज्यांच्यामुळे ही तक्रार झाली ते सहीसलामत सुटतील आणि ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही ते मरतील.

आमच्या गावात घोडे ठेवणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले जुन्या गावठाणातले. वरातीची घोडी ठेवणारी चार-पाच घरं. तीन-तीन पिढ्या हाच धंदा. घर दोन खोल्यांचं, पण घोडीसाठी पुढे पडवी. पहाटे उठून खरारा, मग नदीकडे फेरी, मग खुराक. घोडी खात नसली तर घरातली बाई पण जेवत नाही, अशी ही माणसं.

दुसरे गेल्या सात-आठ वर्षांत आलेले. रस्त्याला जमीन गेली, प्लॉट पाडले, ठेकेदारी चालली, पैसा आला. चांगलंच झालं. आधी बुलेट आली, मग मोठी गाडी, मग राजकारणातलं एखादं पद आणि आता बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये घोडा. वाढदिवसाला घोड्यावरून मिरवणूक, रील, पाठीमागे गाणं. हौसेला मोल नाही म्हणतात. हौसेचं मोल मालक देतो, हे ठीकच आहे. इथे ते घोडा देतोय, अडचण ती आहे.

हे घोडे येतात कुठून? बरेचसे सारंगखेड्याहून. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार देशात नावाजलेला आहे. मी दोनदा बातमीसाठी गेलोय. बघण्यासारखी गोष्ट आहे. कान एकमेकांना टेकतात का, उंची किती, पंचकल्याणी आहे का, देवमण कुठे आहे, रेवाल चालतो का, इथपासून सौद्याला सुरुवात. पण याला सांभाळणार कोण, हा प्रश्न मी तिथे फार कमी लोकांच्या तोंडून ऐकला. जे विचारत होते ते बहुतेक जुने घोडेवाले होते. नव्या गिऱ्हाईकाचा प्रश्न एकच, 'नाचतो का?'

आता जरा घोड्याकडे बघू.

आपल्याकडे ज्याला गाय-बैल सांभाळता येतात त्याला वाटतं घोडाही येईल. तिथेच घोळ होतो. गाय रवंथ करते. खाल्लेलं परत तोंडात आणून चावते. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. पोटात गेलं ते गेलं. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान. म्हणून त्याची निसर्गाने लावलेली सवय म्हणजे दिवसातले १५-१६ तास थोडं थोडं चरत राहायचं. आपण काय करतो? सकाळी एक पेंढी, संध्याकाळी एक घमेलं भरड, मधे दिवसभर मोकळं तोंड. मग तो शेडचं लाकूड चावतो, हवा गिळतो, एकाच जागी डुलत राहतो. मालक कौतुकाने सांगतो, 'बघा, गाण्यावर डोलतोय.' तो डोलत नसतो हो. वेड लागायची वेळ आलेली असते त्याच्यावर.

साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला रोज ७-८ किलो तरी कोरडा चारा-दाणा लागतो. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात आणखी. बुरशी लागलेला कडबा गाय एखादवेळी पचवून जाईल, घोडा नाही. एकदम जास्त धान्य दिलं तर पाय धरतात, खुरांच्या आत सूज येऊन जनावर उभं राहू शकत नाही. दीड-दोन महिन्यांनी नालबंद लागतो. दातांना धार येते ती वर्षातून एकदा घासावी लागते. धनुर्वाताची लस लागते, कारण घोड्याला धनुर्वात पटकन होतो आणि गंजके खिळे-पत्रे तर आपल्या शेडमध्ये भरपूर. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण आडवा झाल्याशिवाय त्याची गाढ झोप होत नाही, हे किती जणांना माहीत आहे? आखूड दोरीने चोवीस तास फरशीवर बांधलेला घोडा महिनोन् महिने नीट झोपलेलाच नसतो.

आणि तो एकट्याने राहणारा प्राणी नाही. कळपातला आहे. बंगल्यामागे एकट्या बांधलेल्या घोड्याचं रात्रीचं खिंकाळणं ऐकून शेजारी वैतागतात. तो बोलावत असतो, उत्तर द्यायला कुणी नसतं.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या वैशाखात घडलेली गोष्ट. बायपासजवळच्या एका प्लॉटवर एक घोडी होती. तरणी, कुमैत, देखणी. आदल्या दिवशी घरी कार्यक्रम झाला आणि उरलेल्या पोळ्या नि भात वाया जायला नको म्हणून तिच्यापुढे ओतला. प्रेमानेच ओतला, ते नाकारत नाही. संध्याकाळी घोडी पोटाकडे वळून बघायला लागली, मग लाथा मारायला लागली, मग लोळायला. सांभाळायला होता तो बांधकामावरचा वॉचमन. त्याला वाटलं घोडी खेळतेय. मालक लग्नाला परगावी. रात्री दहाला शेजाऱ्याने फोनाफोनी केली. आमचे पशुवैद्यक दूरच्या गावात गाईच्या अडलेल्या बाळंतपणाला गेलेले, ते बारा वाजता आले. त्यांनी जमेल ते केलं. वेदनेचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. नाकातून पोटात घालायची घोड्याची नळी इथल्या दवाखान्यात नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायला घोडा उभा राहील असं वाहन अपरात्री मिळेना. पहाटे पाचला घोडी गेली. मी पोचलो तेव्हा जेसीबी खड्डा काढत होता. वॉचमन कोपऱ्यात बसून रडत होता. पगार गाड्या राखायचा आणि डोक्यावर घोडी मेल्याचं पाप.

पेपरात चार ओळी आल्या. आत, पाचव्या पानावर.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका माणसाकडे किती गावं. १९६२ नंबर आहे, फिरती पथकं आहेत, चांगली सोय आहे. पण तालुक्याच्या डॉक्टरांचा रोजचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर. घोडा वर्षात किती वेळा समोर येतो? जो घोडा आणतो त्याने आणायच्या आधी विचारायला हवं की रात्री दोनला पोटशूळ उठला तर मी कुणाला बोलावणार. उत्तर नसेल तर आणू नये. इतकं साधं आहे.

आता रहिवाशांची बाजू. एक घोडा दिवसाला साधारण १५ किलो लीद टाकतो. वर्षाला पाच टनांच्या वर. ती नाल्यात ढकलली की माश्या, वास, तुंबलेली गटारं. मागच्या बाजूने गेलेल्या पोराला लाथ बसली तर जबाबदार कोण? शिवाय ग्लँडर्स. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. घोडा बाधित निघाला तर उपचार नाहीत, कायद्याने त्याला मारावंच लागतं. जत्रेतून तपासणी न करता आणलेलं एक जनावर गावातल्या सगळ्या घोड्यांच्या मुळावर येऊ शकतं. रहिवासी घाबरले तर त्यांचं काय चुकलं?

मग घाला बंदी, असं तुम्ही म्हणाल. घालून बघा काय होतं. बंगलेवाला घोडा हद्दीबाहेरच्या फार्महाऊसवर नेऊन बांधेल. तिथे तर बघायला शेजारीही नाही. गावठाणातला घोडेवाला कुठे नेईल? त्याच्याकडे शेत नाही. तो घोडी विकेल आणि घोड्याचं जे ज्ञान या गावात शिल्लक आहे ते त्या घोडीबरोबर जाईल. मुंबईत व्हिक्टोरिया बंद करायचा आदेश हायकोर्टाने २०१५ साली दिला. निर्णय योग्यच होता, पण गाडीवाल्यांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कितीतरी काळ रेंगाळला. बंदी एका ठरावात होते, मागची सोय होत नाही.

आणि घोडे तसेही चाललेच आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे होते, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. आपल्या भीमथडीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाच्या पोस्टी टाकल्या. ती जात टिकवली कुणी? मेंढरांमागे बिऱ्हाड घोड्यावर लादून रानोरान हिंडणाऱ्या धनगरांनी. बंगल्यातल्या शेडने नाही.

काही मित्र म्हणतील, शिवरायांच्या महाराष्ट्रात घोड्याला नियम? त्यांना माझी विनंती आहे, महाराजांचं १६७३ सालचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र वाचा. दाणा-गवत आत्ताच मनमानी उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशी त्यात तंबी आहे. उंदीर पेटती वात घेऊन गवताच्या गंजीत शिरेल, इथपर्यंत काळजी आहे. त्यांच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. म्हणजे घोडा नियमानेच ठेवायचा असतो, हे आपल्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून झालंय. आपण फक्त फेटा उचलला.

कायदा आहे का? आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. जनावराला पुरेसं खाणं-पाणी-निवारा न देणं, आखूड दोरीने अवास्तव काळ बांधून ठेवणं, हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. चहा-वडापावचे पैसे. म्हणून स्थानिक पातळीवर नियम हवेत. माझ्या मते ११ नंबरच्या विषयाऐवजी ठराव असा यावा:

१. शहरातल्या प्रत्येक घोड्याची नोंद. मालकाचं नाव आणि रोज सांभाळणाऱ्याचंही नाव. सांभाळणारा जाणकार नसेल तर परवानगी नाही.

२. घोड्यामागे किमान १२ बाय १२ फुटांची हवेशीर, सावलीची जागा आणि रोज मोकळं फिरवण्याची सोय. पत्र्याच्या शेडला वरून गवताचं किंवा पाचटाचं आच्छादन.

३. जत्रेतून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्स तपासणी आणि धनुर्वाताची लस. कागद दाखवल्याशिवाय नोंद नाही.

४. लीद उचलण्याची जबाबदारी मालकाची. नगरपालिकेचा खतप्रकल्प आहेच, तिथे ती घ्यावी. पाच टन खत कुणाला नकोय?

५. गावठाणातल्या जुन्या घोडेवाल्यांना जनावरांच्या बाजाराच्या पडीक आवारात सामायिक तबेला, नाममात्र भाड्याने.

६. वरातीत घोड्याच्या कानाशी डीजे आणि फटाके बंद. काटेरी लगाम तर १९६५ च्या नियमांनीच बंद आहे, त्याची तपासणी व्हावी. हे जुन्या घोडेवाल्यांनाही लागू. परंपरा आहे म्हणून सूट नको.

७. तालुक्याच्या पशुवैद्यकांना घोड्याच्या उपचाराचं प्रशिक्षण आणि दवाखान्याला ती नळी द्यावी, म्हणून पशुसंवर्धन विभागाला पत्र. याला नगरपालिकेचा एक रुपयाही लागत नाही.

यातलं क्रमांक दोन वाचून बंगलेवाले नाराज होतील. क्रमांक सहा वाचून गावठाणातले. दोघांचेही फोन येणार, माहीत आहे. येऊ द्या.

ज्यांच्या दारी आज घोडा आहे त्यांना एवढंच सांगतो. घोडा २५-३० वर्षं जगतो. नगरसेवकपद पाच वर्षं टिकतं, रील एक दिवस. तुमची हौस फिटल्यावर उरलेली वीस वर्षं त्याने कुठे काढायची, हे आज ठरवा. ठरवता येत नसेल तर गावठाणात जा, तिथल्या म्हाताऱ्या घोडेवाल्याला विचारा. त्याला मान द्या, पगार द्या, घोडा त्याच्या हातात द्या.

सभा सोमवारी सकाळी अकराला आहे. गॅलरीत बसायला नागरिकांना परवानगी असते, कुणी बसत नाही हा भाग वेगळा. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला रविवारपर्यंत फोन करा. 'बंदी नको, नियम करा' एवढं सांगा. पटलं नसेल तर का पटलं नाही ते खाली लिहा, चर्चा करू. शिव्या मात्र नकोत, घोड्याला नि मला दोघांनाही.