भाषणाने माणूस बदलतो का?

दोन वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत हुंडाबंदीवर बोलून मी फिरती ढाल आणली. १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा मला तोंडपाठ होता. टाळ्याही भरपूर पडल्या. त्याच उन्हाळ्यात ताईच्या लग्नाच्या याद्या झाल्या. मानपान, पोशाख, सोने यांचे आकडे कागदावर चढत होते आणि मी पाहुण्यांना सरबत देत फिरत होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. रात्री ताई एवढेच म्हणाली, “अरे, ते ढालीचं भाषण आज का नाही केलंस?”

माझ्यात जो काही बदल झाला तो या प्रश्नाने झाला, भाषणाने नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. गुरदा, हृदय असे एरवी न खाल्ले जाणारे भाग गृहिणींनी रांधावेत म्हणून कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. काही गटांना चांगले व्याख्यान दिले, पाककृतीही दिल्या. इतर गटांत बायकांनाच बोलू दिले. नवऱ्याला आवडत नाही, शिजताना वास येतो, अशा अडचणी त्यांनी मांडल्या. शेवटी, करून कोण पाहणार त्यांनी हात वर करा, असे सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तसा पदार्थ केला होता.

यावर कोणी म्हणेल, याद्यांची बैठक म्हणजे तरी काय? चर्चाच ना! खरे आहे. दहा माणसे एकत्र बसली की शहाणपण सुचतेच असे नाही. पण जिच्या लग्नाचा हिशेब चालला होता, ती ताई त्या बैठकीत नव्हती. आतल्या खोलीत होती. ज्याला झळ लागते तोच गैरहजर असेल, तर ती चर्चा नव्हे, सौदा होय.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलितांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी तिथेच गावकऱ्यांना विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. मागणारे समोर होते, आणि उत्तर चारचौघांत द्यायचे होते. अर्थात, पुढे भूदानातली बरीच जमीन वाटलीच गेली नाही. मन एकदा पाझरून भागत नाही. शब्दाची आठवण देणारी माणसेही भोवती लागतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वक्तृत्व स्पर्धा खुशाल चालू द्या. पण महिन्यातून एकदा, मुलामुलींनी गोल बसून, बक्षिसावाचून बोलावे. उठताना प्रत्येकाने ‘मी काय करणार’ एवढेच सांगावे.

गेल्या वर्षी वसतिगृहात आम्ही सहाजण हुंड्यावर असेच मध्यरात्रीपर्यंत बोललो. आमच्यात एकही मुलगी नव्हती, ही उणीव मान्य. “आईला कसं सांगू?” हा सर्वांचाच प्रश्न निघाला. शेवटी चौघांनी शब्द दिला. दोघे गप्प राहिले. त्या दोघांचा मला राग नाही, ते खोटे तरी बोलले नाहीत. मी चौघांपैकी एक आहे. माझ्या याद्यांच्या दिवशी बाकीचे तिघे समोर बसलेले असतील, याची मला धास्ती वाटते, आणि आधारही.