हैदराबादहून आणखी एक विमान कंपनी येतेय. पण विमान कुणाच्या मालकीचं, हे कोण विचारणार?

हैदराबाद/नांदेड : डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी दोन नव्या विमान कंपन्यांना ना-हरकत प्रमाणपत्र दिल्याचं जाहीर केलं. एक केरळची अल हिंद एअर. दुसरी फ्लायएक्सप्रेस, जिच्यामागे हैदराबादचा कुरिअर आणि मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. बातमी आली तशी आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागली. नांदेडला येणार का, लातूरला येणार का, तिकीट किती, हेच प्रश्न सगळीकडे. ते साहजिकच आहे. दवाखान्यापासून नोकरीपर्यंत सीमाभागाचा रोजचा संबंध हैदराबादशी आहे.

पण तिकिटाच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो फारसं कुणी विचारत नाही. विमान कुणाचं? कंपनीचं नाव विमानावर असतं, विमान मात्र बहुतेक वेळा कंपनीचं नसतं. भारतातल्या प्रवासी विमानांपैकी साधारण ८० टक्के विमानं भाड्याची आहेत. मालक बसतात आयर्लंडमध्ये, सिंगापुरात, अलीकडे थोडेफार गुजरातच्या गिफ्ट सिटीत. आपल्या गावाची विमानसेवा चालू राहणार की बंद पडणार, हे त्या भाडेकरारावर जितकं ठरतं तितकं विमानतळावरच्या गर्दीवर ठरत नाही.

ट्रूजेटचा धडा

नांदेडकरांना हे नवीन नाही. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमल्यातून उडान योजनेचं पहिलं विमान सोडलं. त्याच कार्यक्रमात नांदेड-हैदराबाद आणि कडप्पा-हैदराबाद या फेऱ्यांनाही दुरून हिरवा झेंडा दाखवला. या दोन्ही फेऱ्या हैदराबादच्या ट्रूजेट कंपनीच्या, म्हणजे कागदोपत्री टर्बो मेघा एअरवेजच्या. २०१५ च्या जुलैत सुरू झालेली ही कंपनी. अभिनेते रामचरण यांचं नाव जोडलेलं असल्याने सुरुवातीला चर्चाही भरपूर झाली. ताफा एटीआर-७२ जातीच्या पंख्याच्या विमानांचा, आणि तो भाडेतत्त्वावरचा.

कंपनीने लहान गावं धरली हे मान्य करावं लागेल. औरंगाबाद, नांदेड, जळगाव, कोल्हापूर. बीदरचं विमानतळ ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झालं तेही याच कंपनीच्या बेंगळुरू फेरीने. पुढच्याच महिन्यात कोरोना आला. प्रवासी आटले, पैसा आटला. २०२१ मध्ये नवा गुंतवणूकदार येत असल्याची घोषणा झाली, पण गाडी काही रुळावर आली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेवा 'तात्पुरती' थांबली ती थांबलीच. नांदेडला नव्या नियमित सेवेसाठी २०२४ उजाडावं लागलं. ती आणली कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने. तिची ७६ आसनी एम्ब्रेअर विमानंसुद्धा भाड्याचीच.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. कॅगने २०२३ मध्ये उडान योजनेची तपासणी केली. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अनुदानाची तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. अनुदान संपल्यानंतरही टिकले फक्त ५४.

भाड्याचा हिशोब

आता हिशोब बघू. आपल्याकडे सुगीला पंजाबातून हार्वेस्टर येतात. ते मशीन ऑपरेटरसकट येतं, एकराचा दर ठरतो, काम झालं की मशीन पुढच्या गावाला. विमानातही असा प्रकार आहे. पायलट, देखभाल, विमा सगळ्यासकट विमान घ्यायचं, त्याला वेट लीज म्हणतात. पण नेहमीचा प्रकार ड्राय लीजचा. नुसतं विमान भाड्याने मिळतं. पायलट, इंधन, विमा, दुरुस्ती सगळं घेणाऱ्याचं. करार काही महिन्यांचा नसतो. पाच-सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतही चालतो.

त्यात तीन प्रकारचे पैसे जातात. पहिली अनामत रक्कम, साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. दुसरं दरमहा भाडं, विमान उडो अथवा उभं राहो. तिसरा देखभाल निधी. विमान जितके तास उडेल त्या प्रमाणात इंजिन, चाकं वगैरेंच्या पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी मालकाकडे पैसे जमा करत राहायचे. आणि हे सगळं डॉलरमध्ये.

गोम इथेच आहे. समजा एका विमानाचं भाडं महिन्याला १ लाख डॉलर आहे. हा आकडा फक्त हिशोबासाठी धरलेला आहे. एप्रिल २०१७ मध्ये डॉलर साधारण ६४ रुपयांना होता, म्हणजे भाडं ६४ लाख. फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉलर ७५ च्या घरात, भाडं ७५ लाख. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने नव्वदी ओलांडली, भाडं ९० लाख. विमान तेच, करार तोच, बोजा महिन्याला २६ लाखांनी जास्त. उडानच्या सुरुवातीच्या २५०० रुपयांच्या तिकिटाने मोजलं तर महिन्याला १०४० तिकिटं, म्हणजे रोज ३५ तिकिटं जादा विकायला हवीत. तीही इंधनाचा एक पैसा न धरता. ७२ आसनी विमानाची निम्मी आसनं झाली की ही!

मोठ्या कंपन्यांनाही हा मार चुकलेला नाही. देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी इंडिगो. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत तिला २५८२ कोटींचा तोटा झाला. चलनातल्या चढउताराचा परिणाम बाजूला काढला तर त्याच तिमाहीत सुमारे १०४ कोटींचा नफा दिसतो. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या लेखा नियमाप्रमाणे पुढच्या वर्षांचं भाडंही आजच ताळेबंदात देणं म्हणून दाखवावं लागतं. त्यामुळे रुपया घसरला की कागदावरचं देणं फुगतं. इंडिगोसारख्या कंपनीकडे हा झटका पचवायला रोकड आहे, पत आहे. पाच-सात विमानांच्या कंपनीकडे काय आहे? पुढच्या महिन्याची तिकीटविक्री.

कायदा मालकाच्या बाजूने

२०२५ मध्ये या धंद्याचे नियम बदलले. त्यामागे गो फर्स्टचं प्रकरण आहे. वाडिया समूहाच्या या कंपनीने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायाधिकरणाने तो स्वीकारला आणि नियमाप्रमाणे सगळ्या वसुलीला स्थगिती लागली. त्यात भाड्याची विमानंही अडकली. मालक म्हणत होते, विमान आमचं, कंपनी बुडाली म्हणून आमचं विमान कसं अडकवता? शेवटी २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, तेव्हा ती सुटली. जवळजवळ वर्षभर विमानं उन्हापावसात उभी होती. जानेवारी २०२५ मध्ये गो फर्स्ट अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

याने भारताचं नाव भाडेबाजारात खराब झालं. विमान अडकण्याची भीती असेल तर मालक भाडं वाढवून लावतो, अनामत जास्त मागतो. केप टाऊन इथे २००१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००८ पासून आहे, पण त्याला देशात कायद्याचं पाठबळ नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने तो कायदा केला आणि १ मे २०२५ पासून तो लागू झाला. आता कंपनी दिवाळखोरीत गेली तरी थकबाकी भरून करार सावरायला दोन महिने. नाहीतर विमान मालकाच्या ताब्यात. कंपन्यांनी थकबाकीची माहिती डीजीसीएला देणंही बंधनकारक झालं.

सरकारची मांडणी अशी की यामुळे भाडी उतरतील आणि प्रवाशांचा फायदा होईल. त्यात तथ्य आहे. ज्याची शेकडो विमानांची ऑर्डर आहे त्याला स्वस्त भाडं नक्की मिळेल. पण लहान कंपनीचं काय? कायद्यामुळे भाडं दहा टक्के उतरलं असं धरून चालू, तरी २०१७ पासून रुपयाने ते चाळीस टक्के वाढवलंय. उलट एखादी कंपनी अडचणीत आली, तर पूर्वी मालकाशी घासाघीस करायला जो वेळ मिळायचा तो आता मिळणार नाही. ट्रूजेटसारखी वेळ पुन्हा आली तर विमानं आणखी लवकर जातील. मालकाच्या हातात विमान आहे, अनामत आहे, देखभाल निधी आहे. प्रवाशाच्या हातात काय, तर पीएनआर नंबर. दिवाळखोरीच्या रांगेत तिकीटवाला पार शेवटाकडे असतो.

हैदराबादला काय मिळतंय

या धंद्यातला एक मोठा वाटा मात्र हैदराबादकडे वळतोय, तो म्हणजे दुरुस्तीचा. शमशाबादला जीएमआरचा विमान देखभालीचा कारखाना आधीपासून आहे. भाड्याचं विमान मालकाला परत देताना जी मोठी तपासणी लागते तीही तिथे होते. २६ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच फ्रान्सच्या साफ्रान कंपनीच्या इंजिन दुरुस्ती केंद्राचं उद्घाटन झालं. गुंतवणूक सुमारे १३०० कोटींची. २०३५ पर्यंत पूर्ण क्षमतेने चाललं तर वर्षाला ३०० इंजिनं आणि हजारावर तंत्रज्ञांना काम. नांदेड, देगलूर, उदगीरच्या आयटीआय आणि डिप्लोमावाल्या पोरांनी यावर लक्ष ठेवावं. पण हेही लक्षात घ्या, की हे केंद्र लीप इंजिनांसाठी आहे, म्हणजे एअरबस आणि बोइंगच्या मोठ्या विमानांसाठी. एटीआरचं इंजिन वेगळं. मोठ्या कंपन्यांची दुरुस्ती देशात येऊन डॉलर वाचतील, लहान गावात उतरणाऱ्या पंख्याच्या विमानाला त्याचा उपयोग नाही.

मग मागायचं काय?

नव्या कंपनीला ना-हरकत मिळाली म्हणजे उडायचा परवाना मिळाला असं नाही. डीजीसीएचं प्रमाणपत्र पुढे आहे, आणि त्यासाठी आधी विमानं आणावी लागतात. म्हणजे भाडेकरार आता व्हायचेत. प्रश्न विचारायची वेळ हीच.

आपले खासदार-आमदार नवीन विमानसेवेसाठी मंत्र्यांना निवेदन देतात, फोटो येतो. त्या निवेदनात तीन ओळी वाढवाव्यात. एक, उडानचं अनुदान तीन वर्षांचं आणि रुपयात, भाडेकरार त्याहून लांब आणि डॉलरमध्ये. हा सांधा जुळवायचा कसा? रुपया ठरावीक मर्यादेपलीकडे घसरला तर लहान मार्गांच्या अनुदानात तेवढी भर पडायला हवी. दोन, कंपन्या डीजीसीएला देतात ती थकबाकीची माहिती लोकांनाही दिसू द्या. पुढच्या महिन्याचं तिकीट आज काढणारा माणूस त्या कंपनीला उधारच देत असतो. उधार देणाऱ्याला घेणाऱ्याची परिस्थिती कळायला नको? तीन, प्रवास होईपर्यंत तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती करा, निदान नव्या आणि लहान कंपन्यांपुरती. यावर कंपन्या म्हणतील, खेळतं भांडवलच जाईल. खरं आहे. पण ज्या कंपनीचं भांडवलच प्रवाशाच्या आगाऊ पैशावर उभं आहे, ती किती दिवस उडणार?

हैदराबादची नवी कंपनी चालावी, नांदेड-लातूरलाही यावी. नाही येवो असं कोण म्हणेल? फक्त उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी माईक पुढे करून विचारावं, की साहेब, हे विमान किती वर्षांच्या करारावर आहे आणि अनामत भरली का? उत्तर सरळ आलं तर तिकीट काढा. टाळाटाळ झाली तर देवगिरी एक्स्प्रेस आहेच.