माड हे झाड की गवत?

गोव्यात माड तोडायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2016 मध्ये मात्र काही काळ ती लागत नव्हती. कायद्याच्या नजरेत माड हे झाडच उरले नव्हते! प्रसंग जुना असला तरी गावोगावी बागायतींचे भूखंड पडत असताना त्यातला प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

गोव्याचा वृक्षसंरक्षण कायदा 1984 चा. फांद्या असलेली, खोडाच्या आधाराने उभी राहणारी काष्ठमय वनस्पती म्हणजे झाड, अशी त्याची व्याख्या. माडाला फांद्या नसतात. म्हणून 2008 मध्ये दुरुस्ती करून त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला. जानेवारी 2016 मध्ये विधानसभेने तो वगळला. जुने, रोगट माड काढून नवी लागवड करणे शेतकऱ्याला सोपे व्हावे, असे कारण सरकारने दिले. माड शास्त्रीयदृष्ट्या झाड नाही, असेही सांगितले गेले. राज्यभर टीका झाली. 2017 च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने माडाला पुन्हा संरक्षण आणि राज्यवृक्षाचा मान देण्याचा निर्णय घेतला.

शास्त्र काय सांगते? माड ही एकदल वनस्पती आहे. ऊस आणि बांबू यांच्या गटातली. आंब्याच्या खोडात सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. त्यामुळे खोड दरवर्षी जाड होते आणि जखमही भरून येते. माडात हा थर नसतो. म्हणून त्याच्या खोडात वार्षिक वलये नसतात आणि चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात. वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो मेला की माड मेला. बुंध्यातून पुन्हा फुटवा येत नाही.

म्हणजे युक्तिवादात तथ्य होते, पण निष्कर्ष चुकला. तोडल्यावर पुन्हा न फुटणाऱ्या वनस्पतीला संरक्षणाची गरज अधिक असते. शिवाय कायदा वर्गीकरणासाठी नसतो. नारळ पाडणारा पाडेली, सूर काढणारा रेंदेर, झावळ्या विणणाऱ्या बायका यांची चूल माडावर पेटते. शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पण एक वठलेला माड काढणे आणि भूखंडासाठी अख्खी बागायत आडवी करणे, यांना एकच नियम का? पहिल्याला झटपट परवानगी आणि दुसऱ्याला कसून चौकशी, हा मार्ग मोकळा होता.

महाराष्ट्रातही शब्दांचा असाच खेळ आहे. ग्रामीण भागासाठीचा 1964 चा वृक्षतोड कायदा अनुसूचीतल्या ठरावीक जातींनाच लागू होतो. साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह अशी ती यादी. लाकूड किंवा फळाने पैसा देणारी झाडे तिच्यात ठळक दिसतात. 50 वर्षांहून जुन्या झाडांना 2021 मध्ये ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले, तेही नागरी भागांच्या कायद्यात. शहरातल्या पन्नाशीच्या झाडाला जे कवच आहे, ते गावच्या पारावरच्या शंभर वर्षांच्या वडाला नाही.

आपल्या गावातली कोणती झाडे कायद्यात बसतात आणि कोणती बसत नाहीत, याची नोंद ग्रामसभेने आताच करून ठेवायला हवी. कुऱ्हाड पडल्यावर व्याख्या शोधून उपयोग नाही.