बक्षीस आणि वेतन

सप्टेंबर २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. तो व्हायलाच हवा होता. शाळेतील सुमारे ४५० मुलांची खिचडी शिजवणारी ही स्त्री स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांतून अभ्यास करून तेथवर पोहोचली होती. घरात सर्वांना मिळून एकच मोबाईल आहे, आपला स्वतःचा एक असावा, एवढीच तिची इच्छा होती. तिच्या साधेपणाचे कौतुक झाले आणि वृत्तपत्रांचे रकाने भरले. कौतुकाच्या या पुरात एक साधा प्रश्न मात्र वाहून गेला. रोज ४५० मुलांना जेवू घालणाऱ्या बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात, हे ऐकून कोणालाच लाज कशी वाटली नाही?

ताडे यांच्या बुद्धिमत्तेबद्दल आणि कष्टांबद्दल येथे शंका नाही. शंका आहे ती त्यांना टाळ्या देणाऱ्या समाजाबद्दल, आणि या टाळ्यांचा व्यापार करणाऱ्या व्यवस्थेबद्दल.

हा खेळ मूळचा इंग्लंडचा. १९९८ साली तेथे सुरू झालेल्या कार्यक्रमाचे हिंदी रूप जुलै २०००मध्ये अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाखाली भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिला कोटी जिंकला. पुढे मराठीतही त्याची आवृत्ती निघाली. खेळाची रचना मोठ्या चतुराईने बेतलेली आहे. चार पर्यायांचे प्रश्न, पंधराव्या उत्तरावर कोटी, मध्ये दोन सुरक्षित पडाव आणि अडचणीच्या वेळी हाताशी काही 'जीवनरेखा'. उत्तर चुकले तर स्पर्धक मागच्या पडावावर कोसळतो. म्हणून प्रत्येक पायरीवर त्याला थांबायचे की धोका पत्करायचा, हे ठरवावे लागते. प्रेक्षक श्वास रोखून पाहतो तो ज्ञानासाठी नव्हे, तर या टांगणीसाठी. गरीब माणूस कोटीच्या उंबरठ्यावर थरथरत उभा आहे, हे दृश्यच तेथे विकाऊ माल असते.

या खेळात लबाडी आहे, असा आरोप करण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात अशा कार्यक्रमांचे पेव फुटले होते. त्यांतील काही कार्यक्रमांत ठरावीक स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात होती, हे पुढे उघडकीस आले आणि १९५९ साली त्या देशाच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. येथला खेळ प्रामाणिक आहे असे खुशाल गृहीत धरावे. प्रामाणिक खेळाविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो नियम बदलून दूर होणारा नाही.

पहिला आक्षेप पैशाविषयीचा. बक्षीस म्हणजे कोणा दानशूराने उधळलेली दौलत नव्हे. तो पैसा जाहिरातदारांकडून येतो, जाहिरातदार तो मालाच्या किमतीत मिळवतात आणि ती किंमत बक्षीस न मिळालेले कोट्यवधी प्रेक्षक मोजतात. २००७च्या पर्वात तर प्रेक्षकांसाठीही एक स्पर्धा ठेवण्यात आली. घरबसल्या संदेश पाठवून उत्तर द्यायचे, प्रत्येक संदेशास २ रुपये ४० पैसे मोजायचे आणि दर भागाला एकाने २ लाख जिंकायचे. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेले. बक्षिसाचा खर्च प्रेक्षकांच्याच संदेशांच्या पैशातून भागवला जात असताना ते फुकट दिल्याचा आभास निर्माण केला, असे म्हणून आयोगाने २००८ साली वाहिनी व दूरध्वनी कंपनी यांना मिळून १ कोटी रुपयांचा भुर्दंड ठोठावला. पुढे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, आरोप पुराव्याने सिद्ध झालेला नाही या कारणास्तव, तो आदेश रद्द केला. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण कायद्याने जे सिद्ध झाले नाही, ते अंकगणिताला ठाऊक आहे : लाखो हातांनी थोडे थोडे टाकायचे आणि एका हाताने उचलायचे. मटक्याच्या अड्ड्यावर आणि १९६९ साली सुरू झालेल्या राज्य लॉटरीच्या टपरीवर महाराष्ट्राने हेच गणित पाहिले आहे.

दुसरा आक्षेप याहून खोलवरचा आहे. स्पर्धक आसनावर बसण्यापूर्वी त्याच्या घरची चित्रफीत दाखवली जाते. गळके छप्पर, चुलीचा धूर, कर्जाचा डोंगर, आईचे डोळे. दारिद्र्याचे एवढे बारकाईचे चित्रण क्वचितच कोठे आढळेल. तरीही ते दारिद्र्य कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्या चित्रफितीत कधी उमटत नाही. जणू ते दुष्काळासारखे आभाळातून पडलेले असते आणि बक्षीस हा त्यावरचा पाऊस असतो.

अंजनगावच्या उदाहरणात तर दारिद्र्याच्या कर्त्याचा पत्ता शोधावा लागत नव्हता. शालेय पोषण आहार ही सरकारची योजना. देशभर सुमारे २५ लाख स्वयंपाकी व मदतनीस, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, तिच्यावर राबतात. २००९ साली केंद्राने त्यांच्यासाठी महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांपुरते. महाराष्ट्राने त्यात थोडी भर घातली आणि १५०० झाले. त्यानंतर आणखी काही वाढ झाली, पण किमान वेतनाच्या पासंगालाही ती पुरत नाही. या रकमेला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्दाची ही निवड निरागस नाही. वेतन म्हटले की कामगार आला, कामगार आला की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे सारे कायदे आले. मानधन म्हटले की सेवा आली आणि सेवेला हक्क नसतात. त्या शब्दात मान नावापुरता आहे आणि धन त्याहूनही कमी.

महिना १५०० रुपयांच्या हिशेबाने एक कोटी रुपये कमवायला, वर्षाचे बाराही महिने धरले तरी, साडेपाचशे वर्षे लागतात. शिवकाल उलटून मागे बहमनी राज्यापर्यंत जावे लागेल. आणखी एक हिशेब मांडण्याजोगा आहे. कायद्याप्रमाणे अशा बक्षिसावर ३० टक्के आयकर आणि वर अधिभार व उपकर भरावा लागतो. म्हणजे जे सरकार या स्त्रीला वर्षाकाठी १५ हजार रुपये देताना हात आखडता घेत होते, त्याच सरकारच्या तिजोरीत तिच्या एका खेळातून ३० लाखांहून अधिक रुपये पडणार!

बिहारमधील मोतीहारीच्या सुशील कुमार यांची कथा याच जातीची. २०११ साली त्यांनी ५ कोटी जिंकले तेव्हा ते रोजगार हमी योजनेच्या कामावर संगणकचालक होते, कंत्राटी आणि तुटपुंज्या पगारावर. इतरांच्या रोजगाराच्या हमीची नोंद ज्याच्या हातून होत होती, त्याच्या स्वतःच्या रोजगाराला कसलीच हमी नव्हती. कोटी मिळाल्यावर काय झाले, ते त्यांनीच २०२० साली प्रांजळपणे लिहिले. फसवणूक, व्यसन, संसारात ताण. पुढे ते सावरले, हे त्यांचे कर्तृत्व. पण माणसाला स्थैर्य हवे असताना समाजाने त्याच्या हाती घबाड दिले, हे विसरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, निदान एकाचे तरी भले झाले ना? सामान्याला अशी संधी आणखी कोठे मिळते? या युक्तिवादातच खरी मेख आहे. संधी एकाला मिळते आणि समाधान सर्वांना वाटते. जी बाई कोटी जिंकते ती बुद्धिमान ठरते. उरलेल्या २५ लाख बायकांच्या वाट्याला जे येते, ते मग त्यांच्या अज्ञानाचे फळ ठरते. अन्यायाला असे गुणवत्तेचे वस्त्र चढवले, की त्याविरुद्ध मोर्चा काढणारा अडाणी आणि फोन लावून नशीब अजमावणारा शहाणा दिसू लागतो. मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हात बसलेल्या आहार कामगारांकडे कॅमेरे वळत नाहीत, याचे कारण हेच. तेथे कोणीही एकटी जिंकणार नसते.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले गेले आहे. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधी जेथे एकत्र बसतात, त्या भारतीय श्रम परिषदेच्या ४५व्या अधिवेशनाने २०१३ साली शिफारस केली, की अंगणवाडी, आशा आणि पोषण आहार योजनेतील कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावे. डिसेंबर २०२०मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका स्वयंपाकी स्त्रीच्या याचिकेवर निर्णय देताना, महिना १००० रुपयांवर राबवून घेणे ही राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे, असे स्पष्ट म्हटले. त्या स्त्रीने कोटी मागितले नव्हते. केलेल्या कामाचा कायदेशीर मोबदला आणि गेलेली नोकरी, एवढेच तिचे मागणे होते. पण तिच्या घरची चित्रफीत कोणी दाखवली नाही.

त्या खेळात स्पर्धक अडला की प्रेक्षकांचा कौल घेण्याची सोय असते. आता कौल हवा आहे तो या प्रश्नावर : शाळेतील मुलांना रोज जेवू घालणाऱ्या स्त्रीला किमान वेतन मिळावे की नाही? येथे पर्याय दोनच आहेत. २०१३च्या शिफारशीची अंमलबजावणी हा एक. दुसरा पर्याय, दरवर्षी एका बबिताताईंना टाळ्या देऊन उरलेल्या २५ लाखांकडे पाठ फिरवण्याचा, देशाने आजवर भरपूर आजमावून पाहिला आहे.