गाव सोडा, पण ठरवून सोडा!

हवा चांगली कुठे, डोंगर-नदी जवळ कुठे, काम बरे कुठे? राहायचे ठिकाण असे पारखून निवडणे हे सुखवस्तूंचे भाग्य. आमच्या माणसाला आधी वेगळाच प्रश्न पडतो : घर भाड्याने देताना तिथे आडनाव विचारतात काय?

खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते. १९७८ च्या नामांतर दंगलीत मराठवाड्यातील आमच्या कितीतरी कुटुंबांना गाव सोडावे लागले. ते स्थलांतर नव्हते, हाकलणे होते.

पूर्णा जंक्शनने दुसरी वाट दाखवली. रेल्वेत लागलेल्या माणसाला महिन्याचा पगार मिळाला आणि पाटलाच्या वाड्यापुढे हात पसरणे संपले. आजही परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पण उचल घेतलेला मजूर ठिकाण निवडत नाही. ते मुकादम ठरवतो, आणि पोरांची शाळा सुटते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे : जरूर जा, पण शिकून जा. जिथे वसतिगृह, ग्रंथालय, कायम काम आणि चळवळीची माणसे आहेत, तिथे बिऱ्हाड करा. निसर्ग नंतरही पाहता येईल. आधी स्वाभिमानाने राहता येईल अशी जागा शोधा!